विमानाचं धड म्हणजे आडवी ढोली



यंदा मूलला आमच्या गटाच्या बैठकीत एक सातवीतली पोर आईबरोबर येऊन बसली. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिला विमान करायचं होतं. "ते पोरांचं काम, तू रांगोळीत नाव दे," असं तिला कुणीतरी म्हटलं होतं. पोरगी हिरमुसली होती. तिच्या हातातलं चित्र पाहून आमच्यातली टोपल्या विणणारी मावशी म्हणाली, "अगं, ही तर आडवी केलेली ढोली!"

मावशीचं खरंच होतं. ढोली आतून पोकळ असते. उभ्या कामट्या तिला ताठ ठेवतात, आडवी वीण आकार धरते आणि वरून शेणामातीचा लेप बसतो. विमानाच्या धडातही लांब काड्या असतात, त्यांना जोडणारे आडवे-उभे तुकडे असतात आणि वरून पातळ कागद चढतो. जोर सांगाडा पेलतो, म्हणून धड पोकळ आणि हलकं राहतं.

अशा मॉडेलसाठी बलसा नावाचं लाकूड वापरतात. हे झाड दक्षिण अमेरिकेतलं. इक्वेडोर देशातून ते जगभर जातं. आपली काटेसावर त्याच्याच कुळातली. बलसाच्या शेंगेतही सावरीसारखा कापूस निघतो. एक घनफूट सागाचं वजन १८ किलोच्या आसपास भरतं, तेवढ्याच बलसाचं जेमतेम ४ ते ५ किलो. १९४७ साली थोर हायरडाल आणि त्यांच्या साथीदारांनी बलसाच्या ओंडक्यांच्या तराफ्यावरून पॅसिफिक महासागरात १०१ दिवस प्रवास केला.

गावात बलसा मिळत नाही, तो शहरातून मागवावा लागतो. तोवर हात बसवायला आपला बांबू आहेच. मूल-चंद्रपूर रस्त्यावर चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रच आहे. बांबू बलसापेक्षा जड, म्हणून कामट्या अगदी बारीक तासायच्या.

आता कृती ऐका. सपाट पाटावर धडाचं बाजूचं चित्र पसरा आणि त्यावर प्लास्टिकचा कागद टाका, म्हणजे डिंक चित्राला चिकटणार नाही. वरची आणि खालची लांब काडी रेषेवर ठेवून दोन्ही बाजूंनी टाचण्या लावा. काडीतून टाचणी आरपार घालू नका, काडी चिरते. मधले उभे तुकडे जोडीजोडीने सारखे कापून पांढऱ्या डिंकाने चिकटवा. पाती नवी घ्या आणि एका दाबात न कापता हलक्या हाताने दोन-तीनदा फिरवा. पाती लहानग्यांपासून दूर ठेवा. दुसरी बाजूही त्याच चित्रावर करा. रात्रभर वाळू द्या.

मग दोन्ही बाजू उभ्या करून मधोमध आडवे तुकडे लावा. कोन गुण्याने तपासा. शेपटीकडची टोकं शेवटी जुळवायची, तीही मधल्या रेषेवर. आमची पहिली खेप इथेच फसली. एक बाजू आधी ओढून चिकटवली आणि धड केळ्यासारखं वाकलं. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. मावशीने जोड ओले करून सोडवले आणि म्हणाली, "टोपली उसवते, तशी हीही उसवते. त्यात रडायचं काय?"

सांगाड्यावर पतंगाचा कागद पातळ खळीने चिकटवा. वाळल्यावर पाण्याचा हलका फवारा मारा. सुकताना कागद आखडतो आणि ढोलकीच्या चामड्यासारखा ताणून बसतो. शेवटी पंख आणि शेपूट लावून तोल पाहा. पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण एक तृतीयांश अंतरावर दोन्हीकडून बोटं टेकवली, की विमान आडवं राहिलं पाहिजे. शेपूट खाली गेली तर नाकात मातीची गोळी भरा.

१९८५ साली सौदामिनी देशमुख यांनी फक्त महिलांच्या चमूसह प्रवासी विमान उडवलं. हे त्या पोरीला आम्ही सांगितलं. तिचं विमान शाळेच्या ओट्यावरून सुटलं आणि अर्धं मैदान ओलांडून टेकलं. आता मावशीकडे आणखी तीन पोरी कामट्या तासायला येतात. तुमच्या गावातल्या पोरींनाही एक पाट, थोड्या कामट्या आणि एक रविवार द्या.