तोतरेपणा : चेष्टेला उत्तर काय?

हजेरीला 'हजर' म्हणताना शब्द अडकला की वर्गात हशा पिकतो आणि तेव्हा चिकटलेले टोपणनाव शाळा सुटेपर्यंत पाठ सोडत नाही. शंभर प्रौढांमागे साधारण एकाला तोतरेपणाचा त्रास असतो. त्यात पुरुषांचे प्रमाण स्त्रियांच्या सुमारे चौपट आहे.

हा दोष भित्रेपणाचा वा मंदबुद्धीचा नाही. बोलण्याच्या हालचालींची वेळ साधणाऱ्या मेंदूच्या कार्यातील फरक आणि आनुवंशिकता यांचा त्यात मोठा वाटा असतो. गाताना किंवा सर्वांबरोबर प्रार्थना म्हणताना तीच व्यक्ती सहसा अडखळत नाही. मूळ जिभेत नसल्याने तिला वेखंड चोळण्याचा घरगुती उपायही व्यर्थच.

खरे नुकसान टाळाटाळीने होते. जायचे कुर्ल्याला, पण 'क' अडतो म्हणून तिकीट पुढच्या सायनचे काढायचे, असले मार्ग शोधले जातात. स्वतःच्या नावाला मात्र पर्यायी शब्द नसतो. अमेरिकी वाचातज्ज्ञ जोसेफ शीहान यांनी यासाठी हिमनगाची उपमा दिली होती. ऐकू येणारे अडखळणे हे केवळ टोक. लाज, भीती आणि लपवाछपवी पाण्याखाली असते.

त्यामुळे आत्मविश्वासाची सुरुवात लपवणे थांबवण्यापासून होते. 'मी अडखळतो, थोडा वेळ लागेल', असे मुलाखतीत आधीच सांगितले की निम्मा ताण उतरतो. नक्कल करणाऱ्यालाही हेच वाक्य, नजर न चुकवता ऐकवावे. चिडवणाऱ्याला हवी असलेली चिडचिड त्याला मिळत नाही. वाचोपचारतज्ज्ञ काही वेळा मुद्दाम अडखळण्याचा सरावही देतात. ऐकायला तो विचित्र वाटतो खरा, पण त्याने भीती बोथट होते.

घरच्यांचे 'सावकाश बोल, श्वास घे' हे सल्ले सद्‍हेतूचे असले तरी मुलाचे लक्ष पुन्हा अडखळण्याकडेच वळवतात. त्याचे वाक्य आपण पूर्ण करू नये. शाळेतील चेष्टा मात्र त्याने एकट्याने सोसण्याची बाब नव्हे. तिथे शिक्षकांनी हस्तक्षेप करायलाच हवा.

चित्रपटांनीही या नकलेला खतपाणी घातले. 'डर'मधील (१९९३) अडखळते 'किरण' आजही विनोद म्हणून ऐकवले जाते. दुसरीकडे, अभिनेता हृतिक रोशनने आपल्या तोतरेपणाविषयी जाहीरपणे सांगितले आहे. २००८मध्ये स्थापन झालेल्या 'द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन' या संस्थेचा भरही तोतरेपणा स्वीकारण्यावर आणि स्वमदत गटांवर आहे. अशा गटात अडखळत बोलले तरी कोणी हसत नाही; अनेकांसाठी तो अनुभव पहिलाच असतो.