चित्रपटांच्या तबकड्या : एका मावळत्या संग्रहाचा विचार

व्यापाऱ्याच्या दुकानात माल दोन प्रकारे जुना होतो. एक तर तो झिजतो, विटतो किंवा मोडतो. दुसऱ्या प्रकारात माल जसाच्या तसा धडधाकट असतो, पण गिऱ्हाईक त्याच्याकडे पाठ फिरवते. फळीवरची वस्तू तीच, तिची चकाकी तीच, आणि तरीही दोनचार हंगामांत तिचा भाव रद्दीच्या भावाशी येऊन मिळतो. ज्यांच्या नशिबी ही गत आली अशा वस्तूंत व्हीसीडी, म्हणजे घरबसल्या चित्रपट पाहावयाची ती चकचकीत तबकडी, ठळकपणे मोडते. आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरी माळ्यावर अथवा कपाटाच्या तळाशी अशा तबकड्यांचे एखादे खोके अद्याप पडून असेल. ते खोके मोडीत घालण्यापूर्वी त्यात काय आहे याचा थोडा विचार व्हावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

घरात चित्रपट पाहण्याची सोय आपल्याकडे प्रथम व्हीसीडीने आणली असे नव्हे. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरचित्रवाणी आली आणि तिच्या मागोमाग व्हिडिओ कॅसेटचे युग सुरू झाले. यंत्र विकत घेण्याची ऐपत थोड्यांचीच होती. तेव्हा यंत्र, टीव्ही आणि तीनचार कॅसेटी एका रात्रीच्या भाड्याने आणावयाच्या, शेजारीपाजारी बोलवावयाचे आणि पहाटेपर्यंत जागावयाचे, अशी रीत पडली. गल्लोगल्ली व्हिडिओ लायब्रऱ्या निघाल्या. परंतु कॅसेट ही बहुधा भाड्याचीच वस्तू राहिली. तिच्यातील चुंबकीय फीत प्रत्येक खेपेस यंत्राच्या हेडवर घासली जाई, त्यामुळे जितके पाहावे तितके चित्र फिके होई. कोकण-गोव्याच्या दमट हवेत तर दोन पावसाळ्यांत फितीवर बुरशी धरे. अशा नाशवंत मालाचा संग्रह करण्यास फारसा कोणी धजत नसे.

ही अडचण तबकडीने दूर केली. फिलिप्स, सोनी, मात्सुशिता व जेव्हीसी या कंपन्यांनी १९९३ साली व्हीसीडीचे प्रमाण निश्चित केले, आणि त्याच वर्षी चीनच्या अन्हुई प्रांतातील एका कंपनीने ती चालविणारे यंत्र बाजारात आणले. बारा सेंटिमीटर व्यासाची ही तबकडी गाण्याच्या सीडीसारखीच दिसे. तिला सुई लागत नाही की फीत घासत नाही. प्रकाशाचा बारीक किरण तिच्यावरून फिरतो आणि चित्र व ध्वनी वाचून घेतो. शंभर वेळा लावली तरी ती लावण्याने झिजत नाही. परत गुंडाळण्याची कटकट नाही, आणि एका देशातील तबकडी दुसऱ्या देशात चालू नये यासाठी पुढे डीव्हीडीत जे कुलूप घातले गेले तेही हिच्यात नव्हते. म्हणूनच अमेरिका व युरोप यांनी जिची फारशी दखल घेतली नाही, ती तबकडी चीन, हाँगकाँग, इंडोनेशिया आणि भारत येथे घरोघर पोहोचली.

तिच्यात दोष नव्हते असे मात्र कोणी म्हणू नये. एका तबकडीवर सुमारे ७४ मिनिटांचे चित्रण मावत असे. आपला नेहमीचा अडीच तासांचा चित्रपट त्यामुळे दोन किंवा तीन तबकड्यांत विभागावा लागे. १९७ मिनिटांच्या 'मुगल-ए-आझम'ला तीन तबकड्या लागणार, हा साधा त्रैराशिकाचा हिशेब आहे. जेथे जागा संपली तेथे चित्रपट तुटे, मग ते गाण्याचे कडवे असो की खलनायकाचे वाक्य. चित्र ३५२ बाय २८८ बिंदूंचे, म्हणजे दूरचित्रवाणीच्या पूर्ण चित्राच्या जेमतेम चौथ्या हिश्श्याएवढे असे. मारामारी सुरू झाली की पडद्यावर चौकोनच चौकोन दिसत. पण घरच्या लहानशा टीव्हीवर हे सारे खपून जाई. तबकडी बदलण्यासाठी उठावे लागे तो आपोआप मध्यंतर ठरे आणि तेवढ्यात चहा होई.

या तबकडीने सामान्य माणसाला चित्रपटाचा मालक केले, हे तिचे खरे वैशिष्ट्य होय. तोवर चित्रपट हा तिकीट काढून पाहावयाचा आणि आठवणीत ठेवावयाचा. आता तो फळीवर मांडता येऊ लागला. कोणी एका नटाचे सारे चित्रपट जमवी, कोणी एका संगीत दिग्दर्शकाचे, कोणी केवळ पौराणिक चित्रपटांचा नाद करी. लग्नसराईच्या मालाच्या खरेदीसाठी मुंबईस गेलेला दुकानदार परतताना पिशवीत दोन तबकड्या घेऊन येई. एसटी स्टँडवरील स्टॉल, आठवड्याचा बाजार, बंद होऊ घातलेल्या लायब्रऱ्यांची विक्री, ही संग्राहकांची तीर्थक्षेत्रे होती. कोणत्या गावी कोणता चित्रपट मिळाला हे त्यांना तारीखवार आठवत असे. दिलेल्या तबकडीची नोंद वहीत ठेवणारे व्यवहारी लोकही होते, आणि वही असूनही तबकडी परत न आल्याची हळहळ त्यांच्याइतकी दुसऱ्या कोणास ठाऊक नाही.

महाराष्ट्राच्या सीमेबाहेर स्थिरावलेल्या मराठी घरांना या संग्रहाचे मोल आणखी वेगळे होते. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद या गावी मराठी चित्रपट क्वचितच लागे, आणि पुण्यामुंबईची नाटक मंडळी वर्षातून एखाददुसऱ्या वेळी येत. मुलांची शाळेची भाषा निराळी, बाजाराची निराळी. मराठी उरली ती स्वयंपाकघरात आणि देवघरात. अशा घरी सुट्टीत गावाकडून आलेल्या पाहुण्याने मराठी नाटकाची तबकडी आणली की सारे कुटुंब टीव्हीपुढे बसे. 'वस्त्रहरण' या मालवणी नाटकाचे उदाहरण पाहावे. मच्छिंद्र कांबळी यांनी गाजविलेले हे नाटक चित्रित रूपात अशा घरांतही पोहोचले, जेथे नाट्यगृहात जाऊन ते पाहण्याचा योग कधीच आला नसता. कांबळी २००७ साली निवर्तले. त्यांचा आवाज आणि त्यांची विनोदाची वेळ साधण्याची हातोटी पुढच्या पिढीस दाखवावयाची तर या चित्रणांखेरीज दुसरे साधन कोणते?

येथे एक महत्त्वाचा भेद ध्यानी घ्यावा लागतो. सिनेमागृहात लागलेल्या चित्रपटाची व्हीसीडी ही मुळाची प्रत असते. मूळ फिल्म कोठेतरी जपली गेली असेल तर प्रत हरवल्याने फारसे बिघडत नाही. परंतु त्या काळात कित्येक कृती अशा निघाल्या की ज्या व्हिडिओवरच चित्रित झाल्या आणि तबकडीच्या रूपानेच बाजारात आल्या. गोव्यात कोंकणी तियात्रांच्या व्हीसीडींचा स्वतंत्र व्यापार उभा राहिला. मालेगावात शेख नासिर यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' हे विडंबन थोडक्या पैशांत, गावचीच माणसे घेऊन तयार केले. पुढे त्या गावच्या चित्रपटवेडावर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपटही निघाला. त्याच वाटेने लोकनाट्ये, कीर्तने, शाहिरी आणि बोलीभाषांतील विनोदी प्रसंग तबकड्यांवर आले. बनविणारे छोटे, विकणारे छोटे. मूळ चित्रण बहुधा कोणाच्या तरी टेबलाच्या खणात. अशा कृतीच्या दहावीस तबकड्या उरल्या असतील तर त्याच तिचे मूळ, असे समजावे लागते.

या धंद्याचा उतार कसा झाला हे आम्हां व्यापाऱ्यांस विशेष बोधप्रद आहे. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीने हजारो चित्रपटांचे हक्क घेऊन व्हीसीडी २८ रुपयांस आणि डीव्हीडी ३४ रुपयांस विकण्यास आरंभ केला. तोवरच्या भावाच्या मानाने हा दर इतका अल्प होता की चोरट्या प्रतीत आणि अस्सल प्रतीत फरकच राहिला नाही. चोरीवर कायद्याने न झालेला इलाज भावाने करून पाहावा, असा हा धाडसी डाव होता. संग्राहकांची तेव्हा दिवाळी झाली. किराणा दुकानातून साबणासोबत चित्रपट घरी येऊ लागला. परंतु बाजार खालच्या बाजूने जिंकला तरी वरच्या बाजूने निसटत होता. पेन ड्राइव्ह आले, मोबाईलवर चित्रपट दिसू लागले आणि तबकडी हाताळण्याचेच कारण उरले नाही. कर्जाच्या भाराखाली आलेली ती कंपनी २०१८ साली अवसायनात गेली. तबकडीच्या धंद्याखेरीज सौरऊर्जेतील तिची गुंतवणूकही या घसरणीस कारण झाली, हे येथे सांगितले पाहिजे.

एका साधनावरून दुसऱ्या साधनावर जाताना सारा माल पुढे जात नाही. ज्याला मागणी आहे तेवढाच नव्या गाडीत चढतो. बाकीचा फलाटावर राहतो. गाजलेले हिंदी चित्रपट कॅसेटवरून व्हीसीडीवर, तेथून डीव्हीडीवर आणि शेवटी इंटरनेटवर सुखरूप पोहोचले. ज्यांचा हक्कदार सापडत नाही, ज्यांना गिऱ्हाईक थोडे, त्यांना कोणी हात दिला नाही. आणि इंटरनेटवरील चित्रपट आपल्या मालकीचाही नसतो. करार संपला की तो यादीतून नाहीसा होतो, आणि वर्गणी भरणाऱ्याने त्याची दाद कोणाकडे मागावयाची?

आपल्या देशाने ही हानी पूर्वी एकदा सोसली आहे. मूकपटांच्या काळात भारतात सुमारे १३०० चित्रपट निघाले, त्यांतील जेमतेम ३० आज कमीअधिक अंशाने शिल्लक आहेत. १४ मार्च १९३१ रोजी प्रदर्शित झालेल्या 'आलम आरा' या पहिल्या हिंदी बोलपटाची एकही प्रत उपलब्ध नाही. आग, दमट हवा आणि दुर्लक्ष ही कारणे होतीच. पण जुन्या फिल्मवरील थरात रुपे असते, आणि ते काढून घेण्यासाठी फिल्मची रिळे मोडीत विकली गेली, हेही तितकेच खरे. विकणाऱ्यास त्या दिवशी चार पैसे मिळाले. त्याच्या हिशेबात चूक नव्हती. फक्त त्या हिशेबात चित्रपटाचा रकाना नव्हता. पुण्यास १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी आयुष्य वेचून गावोगावची रिळे गोळा केली, तोवर बहुतेक माल हातचा गेला होता. हे संग्रहालय २०२२ सालापासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा भाग झाले आहे. परंतु एका सरकारी संस्थेने घराघरांतील माळे कोठवर धुंडाळावेत?

तेव्हा ज्यांच्यापाशी असा संग्रह आहे त्यांनी तो प्रथम निवडावा. प्रसिद्ध चित्रपट एका बाजूस ठेवावेत. नाटक, तियात्र, कीर्तन, स्थानिक चित्रपट, समारंभाचे चित्रण, असे जे अन्यत्र मिळत नाही ते दुसऱ्या बाजूस घ्यावे. वेष्टण टाकू नये. १९८४ साली कॉपीराइट कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार व्हिडिओ चित्रपटाच्या वेष्टणावर निर्मात्याचे व हक्कदाराचे नाव-पत्ता आणि प्रमाणपत्राची प्रत देणे आवश्यक ठरले. म्हणजे अस्सल मालाचे वेष्टण हाच त्या कृतीचा जन्मदाखला होय. तबकडी पुसावयाची तर मऊ कापडाने, मधून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून नव्हे. छापील बाजू अधिक जपावी. चित्र वाचून देणारा अॅल्युमिनियमचा पातळ थर त्या बाजूस वार्निशाच्या लेपाखालीच असतो, आणि तेथे ओरखडा पडला की त्यावर उपाय नाही.

प्रत काढण्याचे काम लांबणीवर टाकू नये. व्हीसीडीत अधिक चित्र मावावे म्हणून चूक दुरुस्त करण्यासाठी राखलेली जागा कमी केलेली असते. त्यामुळे संगणकाच्या साध्या सीडीपेक्षा ती ओरखड्याने लवकर अडते. घरी भरलेल्या तबकड्यांवर तर रंगाचा थर असतो आणि तो उजेडाने व उष्णतेने उडतो. जुने डीव्हीडी यंत्र किंवा संगणकाचा ड्राइव्ह चालू स्थितीत आहे तोवरच हे काम सोपे आहे. मात्र काढलेली प्रत जतनासाठी असावी, विक्रीसाठी नव्हे. चित्रपटाचा हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे चालतो, आणि दुसऱ्याच्या हक्काच्या मालावर नफा घेणे व्यापारधर्मास शोभत नाही.

गावोगावच्या मराठी मंडळांनी व ग्रंथालयांनी आपापल्या सभासदांकडील अशा तबकड्यांची एक यादी जरी केली, नाव, साल, भाषा, निर्माता आणि कोणाच्या घरी आहे एवढेच टिपले, तरी पुढचे काम करणाऱ्यास वाट सापडेल. याद्या ठेवणे आम्हां व्यापाऱ्यांस कोणी शिकवावयास नको. दिवाळीपूर्वी दुकानातील शिल्लक मालाची मोजदाद आपण दरसाल करतोच. यंदा ती मोजदाद करताना एक संध्याकाळ घरच्या माळ्यासाठीही राखून ठेवावी, अशी सर्व सभासद बंधुभगिनींना नम्र विनंती आहे.