सफर चिम्पांझींच्या रानाची

‘सफारी’ हा शब्द मी वर्गात नेहमी फळ्यावर लिहिते. मुलांना तो इंग्रजी वाटतो. मग मी त्याच्याशेजारी उर्दूतला ‘सफर’ लिहिते आणि सांगते की, हा अरबी शब्द पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिली भाषेत गेला, तिथे त्याचा ‘सफारी’ झाला आणि मग तो जगभर फिरला. स्वाहिलीत सफारी म्हणजे नुसता प्रवास. कल्याणहून पुण्याला जाणे हीसुद्धा सफारीच!

हे शिकवता शिकवता एक दिवस खरीच सफारी करण्याचा योग आला. माझी नणंद आणि तिचे मियाँ नोकरीनिमित्त कंपालाला राहतात. कंपाला म्हणजे युगांडाची राजधानी. “भाभी, राहण्याचा खर्च नाही, तुम्ही फक्त या,” असे ती चार वर्षे म्हणत होती. थोरलीला प्राण्यांचे वेड. तिने हट्ट धरला, ‘जायचे तर किबालेच्या जंगलात चिम्पांझी बघायलाच.’ आम्ही दर महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकू लागलो आणि तयारीला लागलो. त्या तयारीत जे शिकलो, ते इथे सांगते. आणि शेवटी जे घडले, तेही सांगते.

जंगल कसे आहे?

किबाले राष्ट्रीय उद्यान युगांडाच्या पश्चिमेला आहे. १९९३ मध्ये त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. इथे वानरकुळातले तेरा प्रकारचे प्राणी आहेत आणि चिम्पांझींची संख्या चौदाशे-पंधराशेच्या घरात आहे. कंपालाहून फोर्ट पोर्टल हे गाव सुमारे तीनशे किलोमीटर, म्हणजे गाडीने पाच-सहा तास. आसपास चहाचे मळे आहेत. तिथून दक्षिणेला साधारण तासाभरावर कन्यांचू नावाचे ठिकाण लागते. चिम्पांझी बघायला जाणारे लोक इथूनच रानात शिरतात.

इथे जीपमध्ये बसून प्राणी बघायचे नसतात. वनरक्षकाच्या मागोमाग पायी जायचे. कधी तासाभरात कळप सापडतो, कधी तीन-चार तास चालावे लागते. चिम्पांझी सापडले की त्यांच्याजवळ एकच तास थांबता येते. बहुतेकांना ते दिसतात, पण हमी कोणीच देत नाही.

सुट्टीचा घोळ

आम्हा शिक्षकांची पहिली अडचण सुट्टीची. युगांडात मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर हे पावसाचे महिने. म्हणजे आपली उन्हाळ्याची सुट्टीही पावसात आणि दिवाळीची सुट्टीही पावसात! कोरडे दिवस जून ते ऑगस्ट आणि डिसेंबर ते फेब्रुवारी. आम्ही मार्ग काढला तो जूनच्या पहिल्या आठवड्याचा. तिकडे पाऊस ओसरलेला असतो आणि इकडे शाळा उघडायला थोडे दिवस बाकी असतात. तरी हे वर्षावन आहे. कोरड्या दिवसांतही सर येऊन जातेच, रेनकोट घरी ठेवू नये.

कागदपत्रे आणि लस

सहा महिने आधी परवाना काढावा. युगांडा वन्यजीव प्राधिकरण दररोज मोजक्याच लोकांना आत सोडते. २०२४ च्या जुलैपासून परदेशी माणसाला एका वेळेचे २५० डॉलर पडतात. आपल्या पैशात वीस हजारांच्या वर. दर बदलत असतात, निघण्यापूर्वी ताजा विचारून घ्यावा. लहान मुलांना या रानात नेता येत नाही. किमान वयाची अटही आधीच विचारावी. आमचा धाकटा दहा वर्षांचा. तो फुफूकडे कंपालालाच राहिला, आणि दोन दिवस रुसून बसला.

व्हिसा घरबसल्या ऑनलाइन मिळतो. मुंबईहून एंटेबीला थेट विमानही आहे.

सर्वांत महत्त्वाची ती पीतज्वराची लस. ती कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारने ठरवलेल्या केंद्रांवरच मिळते. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होते, पण पुढे आयुष्यभर चालते. ते युगांडात जाताना लागते, आणि परत येताना त्याहून जास्त. आपल्या देशात पीतज्वर नाही आणि तो येऊ नये म्हणून विमानतळावर कडक तपासणी असते. कागद नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवतात. साठीच्या पुढची माणसे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, अंड्याची ॲलर्जी असलेले लोक यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही लस घेऊ नये. याच कारणाने सासूबाईंनी घरी राहणे पत्करले. हिवतापाच्या गोळ्यांचेही डॉक्टरांनाच विचारावे.

कपडे, खाणे, नमाज

रानात पूर्ण बाह्यांचे, मळखाऊ रंगाचे कपडे लागतात. आपल्या बायकांना त्यात नवे काही नाही. फक्त ओढणी फांद्यांत अडकते, त्यापेक्षा घट्ट बांधलेला स्कार्फ बरा. सलवारीपेक्षा जाड पँट घ्यावी आणि तिची टोके मोज्यांत खोचावीत, कारण वाटेत मुंग्यांच्या रांगा असतात. त्यांना तिकडे ‘सियाफू’ म्हणतात. एकदा पायावर चढल्या की माणूस नाचायलाच लागतो. बूट नवे कोरे नकोत, महिनाभर घरी वापरलेले हवेत.

खाण्याची काळजी वाटत होती, ती मिटली. युगांडात मुसलमान बरेच आहेत. कंपालाच्या टेकडीवरची मोठी मशीद दुरूनच दिसते. शहरात हलाल जेवण सहज मिळते. जंगलाजवळ मात्र आम्ही अंडी, राजमा, शेंगदाण्याची आमटी आणि मटोके यांवर राहिलो. मटोके म्हणजे कच्ची केळी वाफवून, कुस्करून केलेला गोळा. रस्त्यावर चपातीत ऑम्लेट गुंडाळून देतात, त्याला ‘रोलेक्स’ म्हणतात. चपाती आणि समोसा हे तिकडे घरचेच झाले आहेत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या देशातून गेलेल्या लोकांनी ते नेले. १९७२ मध्ये इदी अमीनने त्या लोकांना देशाबाहेर घालवले, पण चपाती राहिली.

विषुववृत्त जवळ असल्याने नमाजच्या वेळा वर्षभर फारशा बदलत नाहीत. फजर पढून निघावे. सकाळच्या फेरीतून साधारणपणे जोहरपर्यंत परत येता येते.

आदल्या रात्री

तयारी करताना एक गोष्ट वाचनात आली होती. चिम्पांझी आणि माणूस यांच्यात इतके साम्य आहे की आपले आजार त्यांना होतात. २०१३ साली किबालेतल्याच कन्यावारा भागात एका कळपात श्वसनाचा आजार पसरला. छप्पन्न चिम्पांझींपैकी पाच मेले. तपासात जो विषाणू सापडला, तो माणसांना साधी सर्दी देणाऱ्यांपैकी होता. आपण ज्या सर्दीला औषधही घेत नाही, तिने त्यांचा जीव घेतला. म्हणूनच मास्क लावावा लागतो, अंतर राखावे लागते, रानात खाणे-थुंकणे चालत नाही, आणि आजारी माणसाने आत जायचेच नसते.

फोर्ट पोर्टलला पोहोचलो त्या रात्री माझा घसा खवखवू लागला. पहाटे वजू करताना शिंका सुरू झाल्या.

हे म्हणाले, “गोळी घे. मास्क तर लावायचाच आहे. चार वर्षांचे पैसे आहेत.” मलाही ते पटत होते. खोटे कशाला सांगू? मी गोळी हातात घेतली होती. शिंक थोपवली असती तर कुणाला कळले नसते. थोरली काही बोलली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. चिम्पांझींची ती पाच मरणे मीच तिला वाचून दाखवली होती.

कन्यांचूला पोहोचल्यावर मी वनरक्षकाला सरळ सांगितले. त्यांनी मान हलवली आणि बसायला खुर्ची दिली. परवान्याच्या पैशांचे विचारण्याची हिंमत त्या वेळी झाली नाही. बापलेक आत गेले. मी मास्क लावून झाडाखाली एकटी बसले. रडू आले, हे लपवत नाही.

तासाभराने रानातून आवाज आला. आधी खोल हुंकार, मग चढत चढत किंकाळ्या, आणि मग ढोल बडवल्यासारखे ठोके. ते झाडांच्या मोठ्या मुळांवर हातापायांनी मारतात, असे मला नंतर समजले. कितीतरी लांबून येत होता तो आवाज, पण अंगावर काटा आला.

दुपारी लेक आली ती चिखलाने माखलेली. तिने एका आईला पिल्लाच्या अंगातले किडे वेचताना पाहिले. एका नराच्या हाताची बोटे फाशात अडकून तुटलेली होती. रानडुकरे आणि हरणे पकडायला लोक चोरून फासे लावतात, त्यांत चिम्पांझी सापडतात. म्हणून उद्यानाच्या प्रवेशशुल्काचा पाचवा हिस्सा आसपासच्या गावांना दिला जातो. रान वाचले तर गावालाही काही मिळावे, हा त्यामागचा हेतू. जवळच्या बिगोडी गावात लोकांनीच दलदलीचे रान राखले आहे आणि बायका टोपल्या विणून विकतात. आम्ही तिथून एक टोपली आणली.

ती आता आमच्या स्वयंपाकघरात कांद्यासाठी आहे. लेक परत जाण्याची स्वप्ने पाहते. मी पुन्हा महिन्याला थोडे बाजूला टाकायला सुरुवात केली आहे. इन्शाअल्लाह, एकदा तरी जाईन. तुम्ही जाणार असाल तर परवाना, लस, बूट यांच्या यादीत आणखी एक ओळ लिहून ठेवा: सर्दी असेल तर आत जायचे नाही. ही ओळ घरूनच लिहून न्यावी. तिथे पोहोचल्यावर ती लिहिणे फार कठीण जाते.