रिमोट डेस्कटॉप जोडला जात नाही? सर्व्हर फॉरमॅट करण्याआधी हे चार दरवाजे तपासा



आपल्या बॅचमधल्या एका ताईंचा मसाल्यांचा व्यवसाय आहे. कारखान्यात एक साधा उबंटू सर्व्हर, त्यावर बिलिंग आणि स्टॉक. घरून लॅपटॉपवरून रिमोट डेस्कटॉपने त्या काम करतात. गेल्या महिन्यात २० तारखेला, म्हणजे जीएसटीआर-३बी भरायच्या शेवटच्या दिवशी, पासवर्ड टाकला की नुसती काळी स्क्रीन. ओळखीचा एक मुलगा म्हणाला, "ताई, फॉरमॅट मारावा लागेल." नशीब, त्यांनी आधी मला फोन केला. खरं कारण काय होतं? ते चौथ्या दरवाजापाशी सांगतो.

मुद्दा असा, की "कनेक्ट होत नाही" हा आजार नाही, ते फक्त लक्षण आहे. तुमच्या लॅपटॉपपासून सर्व्हरच्या डेस्कटॉपपर्यंत चार दरवाजे लागतात. अडलंय कुठल्या दरवाजापाशी, एवढं कळलं की अर्धं काम झालं. आणि क्रम सोडायचा नाही!

आपण विंडोज लॅपटॉपवरून लिनक्स सर्व्हरला जातोय आणि सर्व्हरवर एक्सआरडीपी हा प्रोग्रॅम बसवलाय, असं धरून चालू. कमांड टाइप करताना स्पेलिंग व्हिडिओतल्या स्क्रीनवरून बघून घ्या.

दरवाजा १ : रस्ता

पहिला प्रश्न स्वतःला विचारा: कारखान्याच्या वायफायवर चालतं, पण घरून चालत नाही, असं आहे का? मग सर्व्हर ठणठणीत आहे. १९२.१६८ ने सुरू होणारा आयपी पत्ता फक्त त्या इमारतीच्या आतला असतो. घरून तो टाकून काही होणार नाही. बाहेरून यायला व्हीपीएन लागतो. तो आधी चालू आहे का बघा.

आतूनही चालत नसेल, तर पत्ता बदलला असेल. लाइट जाऊन आली, राउटर पुन्हा सुरू झाला, की तो सर्व्हरला नवा आयपी देऊ शकतो. राउटरच्या सेटिंगमध्ये सर्व्हरसाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे, वर्षभराची डोकेदुखी वाचते.

दरवाजा २ : सेवा आणि पोर्ट

रस्ता बरोबर आहे, पण आत कुणी दार उघडायला आहे का? रिमोट डेस्कटॉपचं नेहमीचं पोर्ट ३३८९. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये 'टेस्ट-नेटकनेक्शन' कमांडला सर्व्हरचा पत्ता आणि हे पोर्ट द्या. 'ट्रू' आलं, तर पुढच्या दरवाजाकडे चला.

'फॉल्स' आलं, तर एसएसएचने सर्व्हरवर जा. एसएसएच म्हणजे दुकानाचं मागचं दार, पोर्ट २२. पुढचं शटर अडकलं तरी इथून आत जाता येतं, म्हणून ते आधीपासून चालू करून ठेवलेलं असावं. आत गेल्यावर 'सिस्टमसीटीएल स्टेटस एक्सआरडीपी' चालवा. हिरव्या अक्षरात 'अ‍ॅक्टिव्ह' दिसायला हवं. नसेल तर त्याच कमांडमध्ये 'स्टेटस'च्या जागी 'स्टार्ट' टाका. मग 'एनेबल'ही करा, म्हणजे लाइट गेल्यानंतर सेवा आपोआप सुरू होईल.

सेवा चालू आहे, तरी पोर्ट बंद? मग फायरवॉल. 'यूएफडब्ल्यू स्टेटस' बघा. सर्व्हर भाड्याच्या क्लाउडवर असेल, तर तिथल्या कंट्रोल पॅनेलमध्ये वेगळी फायरवॉल असते, तीही बघा.

इथे एक कळकळीची विनंती. घाईत फायरवॉल बंद करू नका आणि ३३८९ सगळ्या जगासाठी उघडू नका. इंटरनेटवर उघडी पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस चालू असतात. पासवर्ड 'दुकानाचं नाव १२३' असेल, तर आत शिरायला वेळ लागत नाही. परवानगी फक्त आपल्या व्हीपीएनमधल्या पत्त्यांना द्या.

दरवाजा ३ : लॉगिन

एक्सआरडीपीची लॉगिन चौकट दिसली, म्हणजे पहिले दोन दरवाजे पार! आता राउटरला हात लावू नका. युझरनेम लिनक्समधलं टाकायचं, विंडोजचं नाही. लिनक्समध्ये लहान-मोठी अक्षरं वेगळी धरली जातात. कॅप्स लॉक बघा, आणि सेशनच्या यादीत 'एक्सऑर्ग' निवडलंय का तेही बघा.

दरवाजा ४ : डेस्कटॉप

पासवर्ड स्वीकारला, पण काळी स्क्रीन आली किंवा खिडकी लगेच बंद झाली. याची तीन नेहमीची कारणं:

१. तोच युझर आधीच लॉगिन आहे. ताईंच्या बाबतीत हेच झालं होतं! कामगाराने सर्व्हरच्या स्क्रीनवर त्यांच्याच नावाने लॉगिन केलं आणि तसाच घरी गेला. उबंटूच्या नेहमीच्या डेस्कटॉपवर एकच युझर दोन ठिकाणी बसला, की असा घोळ होतो. तिथे जाऊन लॉगआउट केलं, काम झालं. लांबून करायचं असेल, तर एसएसएचवर 'लॉगिनसीटीएल' सगळी सेशन दाखवतं, त्यातलं जुनं बंद करता येतं. पण सेव्ह न केलेलं काम जाईल, आधी फोन करून विचारा.

२. डिस्क भरली आहे. 'डीएफ -एच' चालवा. १०० टक्के दिसलं, तर डेस्कटॉपला सुरुवातीच्या छोट्या फाइलसुद्धा लिहिता येत नाहीत. जुने बॅकअप दुसऱ्या डिस्कवर हलवा. बिलिंगच्या डेटाला हात नको.

३. डेस्कटॉपच नाही. उबंटूच्या सर्व्हर आवृत्तीत डेस्कटॉप मुळात येत नाही. एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप बसवा.

तरीही कळत नसेल, तर एक्सआरडीपीची लॉग फाइल उघडा आणि शेवटच्या वीस ओळी वाचा. तंत्रज्ञाला फोन करताना "चालत नाही" म्हणण्याऐवजी "लॉगिन होतं, मग काळी स्क्रीन येते, डिस्क ६० टक्के भरली आहे" असं सांगा. त्याचा वेळ वाचतो, तुमचे पैसे वाचतात.

फॉरमॅट हा शेवटचा उपाय, आणि तोही बॅकअप हातात असेल तरच. ताईंनी त्या दिवशी होकार दिला असता, तर रिटर्न राहिलंच असतं, वर वर्षभराची बिलंही गेली असती.

आजचा गृहपाठ: सगळं सुरळीत चालू असतानाच एका कागदावर सर्व्हरचा आयपी, युझरनेम आणि हे चार दरवाजे लिहा. पासवर्ड मात्र लिहू नका! कागद काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवा. अडचण २० तारखेलाच येते, तयारी ५ तारखेला करायची असते.

भेटू पुढच्या व्हिडिओत!