नोटरी झाली, नोंदणी राहिली

दादा आणि नानाकाकांनी 1986 च्या दसऱ्याला साताऱ्यात रंग आणि हार्डवेअरचे दुकान टाकले, तेव्हा मी शाळेत होतो. दोघे लंगोटीयार. तरीही व्यवहार चोख असावा म्हणून त्यांनी स्टॅम्पपेपरवर भागीदारीचा करार केला, नोटरीचा शिक्का घेतला. शॉप अॅक्टचे लायसन्स भिंतीवर लागले, फर्मच्या नावाने बँकेत खाते उघडले. एवढ्या शिक्क्यांनंतर आणखी काही राहिले असेल, हे कोणाच्या मनातही आले नाही.

1992 मध्ये एका कंत्राटदाराने 84 हजारांचा माल उधारीवर नेला. आज देतो, उद्या देतो करता करता अडीच वर्षे गेली. शेवटी दावा लावला. समोरच्या वकिलांनी माल नेल्याचे नाकारलेच नाही. त्यांनी एवढेच विचारले, "फर्मची नोंदणी कुठे आहे?" दादांनी ऐटीत करारपत्र पुढे केले. "ही नोटरी झाली," वकील म्हणाले, "मी नोंदणी विचारतोय."

1932 च्या भागीदारी कायद्यातले कलम 69 आम्हाला असे भेटले. नोंदणी नसली म्हणून धंदा बेकायदा ठरत नाही; म्हणूनच माणूस गाफील राहतो. पण निबंधकांच्या रजिस्टरमध्ये फर्म नसेल, तर करारातून आलेल्या हक्कासाठी तिला बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. रजिस्टरमध्ये भागीदारांचीही नावे असावी लागतात. नोंदणी दावा लावण्याच्या दिवशी हवी. मागाहून केल्याने तो दावा वाचत नाही. नव्याने लावावा, तर उधारीच्या मालाला मुदत तीन वर्षांची. आमचा दावा फेटाळला गेला, तोवर ती उलटली होती. पुढे झगडण्याचे त्राण दादांत उरले नव्हते.

बंदी मात्र एकाच बाजूने. त्याच सुमारास एका घाऊक व्यापाऱ्याने थकबाकीसाठी आमच्यावर दावा लावला. त्याला कोणी नोंदणी विचारली नाही. फर्मच्या देण्याला भागीदाराचे घरदारही बांधलेले असते. आईच्या पाटल्या त्यात गेल्या. मला हा कायदा आजही लंगडा वाटतो.

पैसा आटला तशी मैत्रीही आटली. दुकान बंद करून हिशेब मिटवावा, तर एकमेकांच्या आकड्यांवर विश्वास नाही. कोर्टातून हिशेब मागण्याची वाट मूळ कायद्याने उघडी ठेवली होती. पण महाराष्ट्राने 1984 च्या दुरुस्तीने बिननोंदणीच्या भागीदारांना तीही बंद केली होती. माल, फर्निचर, येणे, सगळे ज्याच्या हाती पडले त्याचे झाले. एकाच आळीत राहून दोघे दहा वर्षे बोलले नाहीत.

2009 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. आता अशा भागीदाराला फर्मच्या विसर्जनासाठी आणि हिशेबासाठी कोर्टात जाता येते. बाहेरची वसुली अजूनही नोंदणीवरच अडते.

बातमी वाचली त्या दिवशी मी माळ्यावरून कीर्द-खतावणीच्या लाल वह्या खाली काढल्या. दादांना जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. वह्या घेऊन मी नानाकाकांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, पहिल्या पानावरचे दादांचे अक्षर बराच वेळ पाहिले आणि काकूंना चहा टाकायला सांगितला.