पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत!

प्रतिनिधी, मुंबई

एमबीए प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की अनेक घरांत एक गल्लत हमखास होते. '८० पर्सेंटाइल' म्हणजे ८० टक्के गुण, असे समजून पेढे वाटले जातात आणि नामांकित संस्थेची यादी लागल्यावर निराशा पदरी पडते.

पर्सेंटाइल गुण सांगत नाही. ते स्पर्धेतील स्थान सांगते. ८० पर्सेंटाइल म्हणजे ८० टक्के परीक्षार्थींचे गुण तुमच्याइतके किंवा त्याहून कमी आहेत. एक लाख परीक्षार्थी असतील, तर सुमारे २० हजार जण तुमच्या पुढे असतात. राज्याची सीईटी अनेक सत्रांत होते. प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असल्याने तुलनेसाठी पर्सेंटाइलचा आधार घेतला जातो.

२०२५च्या सीईटीत १५० मिनिटांत २०० प्रश्न सोडवायचे होते, म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नव्हते. अशा परीक्षेत प्रश्न कोरा सोडणे हे नुकसानच. 'कॅट'मध्ये मात्र बहुपर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकल्यास एक गुण कापला जातो. तेथे अंदाजपंचे उत्तरे देणे महागात पडते.

महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरताना आपल्या प्रवर्गाचे मागील वर्षीचे 'कट-ऑफ' पर्सेंटाइल अवश्य पाहावे. प्रवेश ठरतो तो रांगेतील जागेवर.