फिनिश लाईननंतर काय होतं? ड्रॅग रेसिंगची सेफ्टी, सोप्या भाषेत

आजच्या एपिसोडची ही लेखी आवृत्ती. ज्यांना लोकलच्या गर्दीत ऐकता आलं नाही, त्यांनी निवांत वाचा.

आजचा विषय ड्रॅग रेसिंग. सरळ रस्ता, दोन गाड्या, पाव मैल म्हणजे ४०२ मीटर. आधी पोचेल तो जिंकला. आपल्याकडे लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा रेस झाल्या आहेत, त्यांचे रील्स तुम्ही पाहिले असतील. पण एक प्रश्न विचारतो: ४०२ मीटरच्या रेससाठी विमानाची अख्खी धावपट्टी कशाला लागते?

उत्तर आहे ब्रेक. फिनिश लाईनवर गाडी सगळ्यात जास्त वेगात असते, आणि थांबायला सुरुवात तिथून होते. आता गणित बघा. कोरड्या रस्त्यावर ताशी १०० किलोमीटर वेगातली गाडी करकचून ब्रेक मारल्यावर साधारण ५० मीटरमध्ये थांबते. मग २०० ला १०० मीटर लागतील? नाही, साधारण २०० मीटर लागतात! वेग दुप्पट झाला की थांबायचं अंतर चौपट होतं. वर तुम्ही ब्रेकपर्यंत पोचायला एक सेकंद घेतला, तर तेवढ्यात आणखी ५५ मीटर गेले. म्हणून फिनिशच्या पुढे लांबलचक मोकळी जागा हवीच. तिला शटडाउन एरिया म्हणतात.

ही जागा किती महत्त्वाची, हे अमेरिकेत फार वाईट पद्धतीने कळलं. जून २००८ मध्ये न्यू जर्सीतल्या इंग्लिशटाउनच्या ट्रॅकवर स्कॉट कलिटा या नावाजलेल्या रेसरच्या गाडीचं इंजिन फिनिश लाईनजवळ फुटलं. पॅराशूट नीट काम करू शकले नाहीत. गाडी ट्रॅकच्या टोकाला वाळूचा अडथळा ओलांडून पुढे गेली आणि त्यात त्यांचा जीव गेला. त्यानंतर तिथल्या एनएचआरए या संस्थेने सगळ्यात वेगवान दोन गटांची रेसच छोटी केली. ४०२ वरून ३०५ मीटर. थांबायला तेवढीच जागा वाढली.

या खेळातले बरेच नियम असेच आलेत, कुणाला तरी लागल्यावर. १९७० मध्ये डॉन गार्लिट्स यांच्या ड्रॅगस्टरचं ट्रान्समिशन स्टार्टलाच फुटलं आणि त्यांच्या पायाचा काही भाग तुटला. तेव्हा इंजिन ड्रायव्हरच्या पुढे असायचं. गार्लिट्सनी पुढची गाडी इंजिन मागे ठेवून बांधली, ती जिंकायला लागली, आणि हळूहळू सगळ्यांनीच तशा गाड्या बनवल्या.

मग रेसला जाताना काय बघायचं?

पहिलं, स्क्रुटिनी. म्हणजे रेसआधी गाडीची तपासणी. बॅटरी घट्ट बसवली आहे का, तेल-पेट्रोल गळतंय का, टायर कसे आहेत, थ्रॉटल सोडल्यावर झटकन परत येतो का. बाईकवाल्यांनो, मनगटाला बांधायची किल-स्विचची दोरी विसरू नका. तुम्ही पडलात की ती दोरी निघते आणि इंजिन बंद होतं. तपासणीला वैतागू नका. जिथे कुणी काहीच तपासत नाही, तिथून गाडी वळवून सरळ घरी या.

दुसरं, हेल्मेट. एनएचआरएच्या नियमात पाव मैल १३.९९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर पार करणाऱ्याला हेल्मेट सक्तीचं आहे, कारमध्ये बसून सुद्धा! बाईकवर तर फुल-फेस हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्ह्ज आणि बूट हवेतच.

तिसरं, ट्रॅक. दोन्ही बाजूंना भक्कम बॅरियर आहे का? अ‍ॅम्ब्युलन्स आणि आग विझवणारी टीम तयार उभी आहे का? अ‍ॅम्ब्युलन्स कुणाला घेऊन गेली, तर दुसरी येईपर्यंत रेस थांबायला हवी. ट्रॅकवर तेल सांडलं तरी तसंच. तासभर खोळंबा झाला तर शिव्या घालू नका, तो तुमच्यासाठीच आहे.

चौथं, प्रेक्षक. व्हिडिओसाठी बॅरियरच्या आत जायचं नाही. ताशी २०० ने गाडी एका सेकंदात ५५ मीटर येते. मोबाईलच्या स्क्रीनवर ती लांब दिसते आणि पळायला वेळ उरत नाही.

"पण भावा, हायवे रिकामाच असतो ना रात्री!"

हा मेसेज दर वेळी येतो. हायवेवर शटडाउन एरिया नाही. दुभाजकातून कुत्रं येतं, उलट्या बाजूने ट्रॅक्टर येतो, कोपऱ्यावर वाळू पडलेली असते. आणि त्या रस्त्यावरून घरी जाणाऱ्या माणसाने तुमच्या रेसला होकार दिलेला नसतो.

कायदाही ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर रेस लावली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडलात तर शिक्षा वाढते. आणि गाडीच्या नेहमीच्या इन्शुरन्समध्ये रेसिंग बसत नाही, अगदी अधिकृत ट्रॅकवरचंही. पॉलिसी काढून एकदा वाचाच.

तर वेगाची हौस असेल, तर पैसे साठवा, अधिकृत इव्हेंटला नाव नोंदवा आणि तिथे मनसोक्त पिळा. हा एपिसोड ग्रुपमधल्या त्या एका मित्राला पाठवा. कुठला, ते तुम्हाला माहितीये. भेटू पुढच्या भागात!